घोरणारे मूल गाढ झोपलेले असते का?

झोपेच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. पेंग वेगळी, डुलकी वेगळी, साखरझोप वेगळी आणि दुपारच्या जेवणानंतरची वामकुक्षी वेगळी. या सगळ्यांत घोरण्याला मात्र आपण खास मान दिला आहे. ‘डाराडूर घोरत पडला आहे’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याची खात्रीच पटते. गृहस्थ पोटभर जेवलेला, निर्धास्त आणि गाढ झोपेत आहे! मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवूनही या समजुतीबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती आली २०२४ सालच्या भाऊबीजेच्या रात्री, तोरण्याच्या पायथ्याशी, माझ्या बहिणीच्या माजघरात.

मी भोरला राहतो. धाकटी बहीण वेल्हे तालुक्यात दिली आहे. सरकारदप्तरी त्या तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. भोरहून कापूरहोळ, तिथून हमरस्त्याने चेलाडी फाटा आणि मग नसरापूरवरून डोंगरात शिरायचे. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही; पण गाड्या बदलता बदलता अर्धा दिवस सहज जातो. त्या दिवसांत भातकापणी चालू होती. घरची माणसे अंधार पडल्यावरच शेतावरून परतली. ओवाळणे झाले, जेवणे झाली आणि माजघरात एका ओळीत अंथरुणे पडली. माझ्या शेजारी सहा वर्षांचा भाचा झोपला. मामाजवळ झोपायचे म्हणून त्याने संध्याकाळपासूनच हट्ट धरला होता.

दिवा मालवून थोडा वेळ झाला असेल-नसेल, तोच त्याचे घोरणे सुरू झाले. एवढ्याशा देहातून एवढा आवाज! मला हसू आले.

‘‘अगं, हा तर आपल्या आजोबांच्या वरताण आहे!’’ मी म्हटले.

बहीण अंधारातच हसली. पलीकडून तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘अवं पाव्हणं, त्यो बापावर गेलाय. दिसभर हुंदडतंय, मग रातीला अशी गाढ झोप लागती बघा.’’

यावर सगळेच हसलो आणि एकेक जण झोपी गेला. मला मात्र नव्या जागी लवकर झोप येत नाही. मध्यरात्र उलटून गेली तरी मी जागाच होतो, आणि म्हणूनच मला ते ऐकू आले. खरे म्हणजे ऐकू यायचे थांबले. घोरणे एकाएकी बंद पडले. बरे झाले, असे मनात येते न येते तोच जाणवले, की घोरण्याबरोबर श्वासही ऐकू येत नाही. मी उठून बसलो आणि मोबाइलचा उजेड भिंतीवर पाडला. मुलाचे तोंड उघडे होते, मान मागे टाकलेली होती. पोट वर येत होते आणि त्याच वेळी छाती मात्र आत ओढली जात होती. गळ्याखालचा खळगा तर इतका खोल गेला, की त्यात बोट मावावे. एवढी धडपड चालली होती, पण नाकातोंडातून हवा काही जात नव्हती. मग एक मोठा आचका बसला, घशातून फुसकारा निघाला, मुलाने कूस बदलली आणि घोरणे पुन्हा सुरू झाले. त्याचे कपाळ घामाने भिजले होते. कार्तिकातली थंडी होती आणि अंगावरचे पांघरूण त्याने केव्हाच लाथाडले होते.

त्या रात्री मी आणखी तीन वेळा तोच प्रकार पाहिला. पाहता पाहता मला त्याच वर्षीची मे महिन्याची सुट्टी आठवली. हा भाचा पंधरा दिवस भोरला आमच्याकडे राहिला होता. मी त्याला रोज सकाळी बाराखडी गिरवायला बसवी आणि तो पाटीवर मान टाकून पेंगे. ‘‘झोपाळू कुठला! रात्रभर लोळून पुरत नाही का?’’ असे मी त्याला चारचौघांत म्हणालो होतो. तो अधूनमधून अंथरूण ओले करी, त्यावरूनही घरात थट्टा झाली होती. शाळेतून तर तक्रार ठरलेलीच असे, की लक्ष नाही, एका जागी बसत नाही, चिडचिड करतो. मी शिक्षक, आणि या मुलाला झोपच मिळत नाही हे मला कळले नव्हते.

सकाळी बहिणीला सारे सांगितले. ती म्हणाली, ‘‘दादा, दोनदा डॉक्टरांना दाखवलं रे. घसा बघितला, सर्दीचं औषध दिलं. रात्री कसा झोपतो म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, घोरतो. दुसरं काय सांगणार?’’

तिचे खरे होते. जे तिने पाहिले होते ते सांगायला तिच्याजवळ एकच शब्द होता, आणि तो शब्द ऐकून कोणीच दचकत नाही. डॉक्टरांचाही यात दोष म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे मूल येते ते सकाळी अकरा वाजता, टक्क जागे, व्यवस्थित श्वास घेणारे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासून जातात. हे मोठेच काम आहे. पण त्यांनाही मूल दिसते ते दिवसाच. हा आजार मात्र मूल झोपल्यावर उठतो आणि मूल उठल्यावर झोपतो!

त्याच आठवड्यात बहीण मुलाला घेऊन भोरला आली. इथल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. मी माझे सारे भाषाप्रभुत्व पणाला लावून त्या रात्रीचे वर्णन केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मुलाचा घसा पाहिला, टॉन्सिल मोठे असल्याचे सांगितले आणि म्हणाल्या, ‘‘सर, वर्णन छान केलंत. आता मला ते दाखवा. घरी मोबाइल आहे ना? तो झोपला की व्हिडिओ काढून आणा.’’

ज्या मोबाइलच्या नावाने मी वर्गात रोज खडे फोडतो, तो असा कामाला येईल असे मला वाटले नव्हते. व्हिडिओ कसा काढायचा तेही त्यांनी सांगितले, आणि ते सगळ्यांनाच उपयोगी पडण्यासारखे असल्यामुळे येथे देतो.

मूल झोपल्याबरोबर लगेच काढू नये. तास-दोन तास जाऊ द्यावेत, आणि जमल्यास एकदा पहाटेही काढावा. स्वप्ने पडणारी झोप उत्तररात्री अधिक असते, आणि मुलांचा श्वास बहुधा त्याच झोपेत अडतो. पांघरूण बाजूला करावे आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडाव्यात, म्हणजे चेहऱ्यापासून पोटापर्यंतचा भाग एकाच चौकटीत येईल. छाती दिसली नाही तर व्हिडिओचा निम्मा उपयोग गेला. मुलाच्या डोळ्यांवर येणार नाही असा पण छातीची हालचाल दिसेल इतका उजेड असावा. पंखा शक्य तर बंद करावा, कारण आवाजही तितकाच महत्त्वाचा असतो. मोबाइल हातात धरण्यापेक्षा पाटावर किंवा डब्याला टेकवून ठेवावा. मुलाला हलवू नये, मान सरळ करू नये. ते जसे झोपले असेल तसेच दिसू द्यावे. काही मिनिटे सलग काढावा, आणि श्वास अडताना दिसला तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत थांबू नये. मात्र मुलाचे ओठ निळे पडले, ते उठवूनही नीट उठेना किंवा जागेपणीही श्वासाला धाप लागली, तर व्हिडिओच्या नादी न लागता तडक दवाखाना गाठावा.

सांगणे सोपे होते. पहिल्या रात्री बहिणीने जो व्हिडिओ काढला त्यात काळोख आणि आढे एवढेच आले. दुसऱ्या रात्री सगळे जमले होते. पण ऐन वेळी सासूबाईंनी ‘‘अगं, झोप की आता, सकाळी कापणीला जायचंय’’ म्हणून हाक मारली आणि मूल जागे झाले. तिसऱ्या पहाटे दोघी सासूसुना मिळून बसल्या. एकीने कंदिलाच्या आकाराचा विजेरी दिवा धरला, दुसरीने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला. सहा मिनिटांचा व्हिडिओ आला. आपला नातू झोपेत कसा झगडतो आहे, हे सासूबाईंनी त्या पहाटे प्रथमच उजेडात पाहिले. ‘बापावर गेलाय’ हे वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकले नाही.

बहिणीच्या वाडीवर मोबाइलला रेंज मिळते ती देवळाच्या उंचवट्यावर, तीही मनात आले तर. म्हणून व्हिडिओ पाठवण्याच्या फंदात न पडता ती मोबाइलच पिशवीत घालून घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तो एकदा पाहिला, मग आवाज वाढवून पुन्हा पाहिला. एका जागी थांबवून त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. ‘‘इथे बघा. पोट वर येतंय, छाती आत जातेय. श्वास घ्यायची खटपट चालू आहे, पण वाट बंद आहे. एक, दोन, तीन श्वास गेले. आणि आता हा आचका.’’ मी दहा मिनिटे बोलून जे सांगू शकलो नव्हतो, ते त्यांना अर्ध्या मिनिटात दिसले.

मग त्यांनी समजावून सांगितले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उसाचा रस पिताना कागदी नळी भिजून लिबलिबीत झाली आणि आपण जोराने ओढले, की नळीच्या बाजू एकमेकींना चिकटतात. तसेच घशाचे होते. मोठ्या माणसांत याला बहुधा लठ्ठपणा कारणीभूत असतो. लहान मुलांत मुख्य कारण टॉन्सिल आणि नाकामागे टाळूच्या वर असलेली ॲडेनॉइड नावाची गाठ. ही गाठ तोंड उघडून दिसत नाही. दोन ते आठ वर्षांच्या वयात घशाच्या मानाने या गाठी मोठ्या असतात, आणि म्हणून त्याच वयात हा त्रास अधिक आढळतो. मोठ्या माणसाचा श्वास दहा सेकंद अडला तर तो मोजतात. मुलांत दोन श्वासांइतका खंडही पुरेसा धरतात. दर वेळी मेंदू मुलाला थोडेसे जागे करतो, तेव्हा कुठे वाट उघडते. मूल उठून बसत नाही, त्याला सकाळी काही आठवतही नाही. पण झोपेच्या चिंध्या झालेल्या असतात. पेंगणे, चिडणे, चुळबुळणे, वर्गात लक्ष नसणे, अंथरूण ओले होणे, वाढ खुंटणे ही सारी त्याची दिवसाची रूपे.

मुळात घोरणे म्हणजे आजार नव्हे, हेही त्यांनी बजावले. सर्दी झाली की कोणतेही मूल घोरते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, सर्दी नसतानाही मूल घोरत असेल, तर चौकशी करावी. नेहमी घोरणाऱ्या मुलांपैकीही सगळ्यांना हा आजार नसतो. एकूण मुलांत त्याचे प्रमाण शेकडा एक ते पाचच्या आसपास धरले जाते. शंभर पटांच्या शाळेत अशी एक-दोन मुले तरी बाकावर पेंगत असतील, आणि त्यांना ‘ढ’ म्हणणारे आमच्यासारखे शिक्षकही असतील.

आमची ही चूक तशी जुनी आहे. घरी येऊन मी वाचू लागलो तेव्हा कळले, की १८८९ साली विल्यम हिल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांच्या मंदपणाच्या कारणांवर एक लेख लिहिला होता, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या, रात्री घोरणाऱ्या मुलांकडे त्यात बोट दाखवले होते. त्याच्याही आधी, १८३६-३७ मध्ये, डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभ्या उभ्या झोपणारा, घोरणारा जो नावाचा लठ्ठ पोरगा रंगवला. सारे जग त्याला हसले. आम्ही कुंभकर्णाला हसतो, तसेच. मुलांतील या आजाराचे आधुनिक वर्णन व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले. अमेरिकेत ख्रिस्तियन गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी आठ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली.

मग या आजाराची पक्की परीक्षा कोणती? ती म्हणजे रात्रभराची निद्रातपासणी. डोक्याला तारा, छातीला नि पोटाला पट्टे, नाकापाशी श्वास मोजणारी नळी आणि बोटाला प्राणवायूचे प्रमाण दाखवणारा चिमटा लावून मुलाला प्रयोगशाळेत झोपवतात. ही सोय मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत असते, आणि वेल्ह्याच्या वाडीवरल्या माणसाला त्यासाठी पन्नास-साठ किलोमीटर जाऊन, मजुरी बुडवून, रात्र काढावी लागते. ज्याला तिथे पाठवायचे ते मूल आधी ओळखू आले पाहिजे. घरच्या व्हिडिओचे महत्त्व इथे आहे.

ही युक्ती मोबाइलच्याही आधीची आहे. १९९६ साली इस्रायलमधील याकोव सिवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ५८ मुलांच्या आईबापांकडून घरच्या कॅमेऱ्यावर झोपेचे अर्ध्या तासाचे चित्रण करवून घेतले, त्याला गुण दिले आणि ते गुण निद्रातपासणीच्या निकालाशी ताडून पाहिले. आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९४ मुले चित्रणावरून ओळखू येतील, असा हिशेब निघाला. पण आजार नसलेल्या शंभरांपैकी ६८ जणच निर्दोष ठरत होते; उरलेल्या ३२ मुलांवर उगाच संशय येत होता. म्हणजे व्हिडिओ हा साक्षीदार चांगला. पण त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. त्याच्यावरून मूल आजारी ठरवू नये, आणि एका रात्री काही दिसले नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये.

आमच्या मुलाला पुण्याला पाठवले. तेथे नाकामागची गाठ तपासली, काही आठवडे नाकात मारायचा औषधी फवारा दिला. फरक पडला नाही, तेव्हा रात्रभराची तपासणी झाली आणि व्हिडिओचे म्हणणे खरे ठरले. शस्त्रक्रियेचे नाव काढताच घरात चलबिचल झाली. दाजी म्हणाले, ‘‘मोठा झाला की गाठी आपोआप बारीक होतात म्हणे. थांबावं का?’’ हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. अमेरिकेत याच प्रश्नावर ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर मोठा प्रयोग झाला आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या मुलांच्या गाठी काढल्या, निम्म्यांना नुसते देखरेखीखाली ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७९ मुलांची झोपतपासणी निर्दोष आली; आणि नुसत्या थांबलेल्यांपैकी शेकडा ४६ मुलांचीही आली! म्हणजे सौम्य त्रास असलेल्या मुलाला थांबवून पाहता येते. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची वागणूक आणि एकूण प्रकृती अधिक सुधारली. लक्ष देण्याच्या परीक्षेत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही, हेही त्या प्रयोगाने प्रांजळपणे सांगितले.

आमच्या मुलाचा त्रास सौम्य नव्हता. २०२५ च्या मार्च महिन्यात त्याच्या गाठी काढल्या. आठ-दहा दिवस घसा दुखला, पेज आणि गार दूधभात यांवर गेले. सूज उतरल्यावर एका सकाळी बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. मी घाबरलो. ती म्हणाली, ‘‘दादा, रात्रभर झोपले नाही रे. घरात आवाजच नाही. दर घटकेला उठून त्याच्या नाकाखाली बोट धरत होते.’’ सासूबाईंनी म्हणे तीनदा दिवा लावला होता. मूल आपले तोंड मिटून, नाकाने, मांजरासारखे झोपले होते.

आता तो काही वर्गात पहिला आलेला नाही. गणित अजून कच्चेच आहे, आणि प्रयोगाचे आकडे वाचलेले असल्यामुळे मी तशी अपेक्षाही केलेली नव्हती. पण अंथरूण कोरडे राहते, सकाळी तो आपण होऊन उठतो आणि पाटीवर मान टाकत नाही. या मेमध्ये तो पुन्हा भोरला आला, तेव्हा मी त्याला शेजारी बसवून गेल्या वर्षीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याला काही आठवत नव्हते. भाटघरचे धरण पाहायला कधी नेणार, एवढेच त्याने विचारले.

एक सूचना मात्र करायला हवी. असा व्हिडिओ उघड्या अंगाने झोपलेल्या लेकराचा असतो. तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून ‘बघा आमचा कुंभकर्ण’ म्हणून हशा पिकवू नये. डॉक्टरांना दाखवावा आणि काम झाले की पुसून टाकावा. आशाताई, अंगणवाडीच्या बाई किंवा बाल स्वास्थ्य पथकातले डॉक्टर गावात आले, तर त्यांनाही दाखवावा. पुढे कुठे जायचे आणि सरकारी योजनेतून काय मिळते, ते त्यांना ठाऊक असते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्याही घरी दिवाळीची पाहुणेमंडळी जमलेली असतील. चकल्या-करंज्यांचे डबे रिकामे होतील, गप्पा संपतील आणि दिवाणखान्यात नाहीतर माजघरात पोराटोरांची अंथरुणे एका ओळीत पडतील. त्यांतले एखादे घोरू लागले, तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर लगेच कूस बदलू नका. पाच मिनिटे कान द्या. घोरणे मध्येच थांबले, तर दिवा लावा आणि त्याच्या छातीकडे पाहा. यंदाच्या भाऊबीजेला मी पुन्हा वेल्ह्याला जाणार आहे. माझे अंथरूण भाच्याशेजारीच घालायचे, असे बहिणीला आधीच कळवून ठेवले आहे.